आषाढातली चारिका

आई कपाटातून पांढऱ्या साड्या काढून वाऱ्याला टाकायला लागली, की आमच्या घरात आषाढ येतो. पूर्वी चाळीच्या गॅलरीत दोरीवर टाकायची. आता टॉवरात आलो. इथं बाल्कनीत साडी दिसली की खालून इंटरकॉमवर फोन येतो, म्हणून यंदा तिने साड्या हॉलमध्येच पंख्याखाली पसरल्या. सोफ्यावर एक, खुर्च्यांवर दोन, एकीचा पदर टीव्हीवर. मी ऑफिसमधून आले, दार उघडलं, आणि आत पाऊल टाकायच्या आधीच कान गरम झाले. दरवर्षी होतात. या पांढऱ्या साड्या दिसल्या की मला माझ्या त्या एका पावसाळ्याची लाज वाटते, आणि ती काही केल्या जुनी होत नाही.

त्या पावसाळ्यात आम्ही वरळीच्या बीडीडी चाळीतच होतो. आमची तिथली तिसरी पिढी. आषाढी पौर्णिमेपासून अश्विनी पौर्णिमेपर्यंत तीन महिने आमच्याकडे वर्षावास असतो. रोज संध्याकाळी चाळीतल्या बाया पांढऱ्या साड्या नेसून विहारात जमायच्या. आधी वंदना, मग ग्रंथवाचन. एकजण वाचणार, बाकीच्या ऐकणार, दुसऱ्या दिवशी पान पुढे. आई वाचणाऱ्यांतली. परळच्या एका हॉस्पिटलात तिने आयाबाई म्हणून उभा जन्म काढला. वॉर्डात तिला सगळे नुसतं ‘मावशी’ म्हणायचे, तिचं नाव कुणाला ठाऊक असेल असं वाटत नाही. विहारात मात्र तिला नावाने बोलवायचे. ‘आज रमाताई वाचणार’ असं कुणी म्हटलं, की ती चष्मा पदराने पुसायची आणि उगाच दोनदा पुसायची. बाबा गेल्यावर तर तेवढीच एक जागा तिची स्वतःची उरली होती. त्या बायांत मान ताठ ठेवून बसता येणं, एवढ्यावर तिचं सगळं चाललेलं होतं.

मला वर्षावास म्हणजे काय, तर माइकचं कुईं, दारात ओल्या चपलांचा ढीग, उदबत्ती आणि शेवटच्या दिवशीची खीर. लहानपणी आई मांडीशी घेऊन बसवायची. मी मांडीवर डोकं ठेवून तिच्या आवाजावर झोपायची. कॉलेजात गेल्यावर जाणंच सोडलं. काय वाचतात, कशाबद्दल वाचतात, याकडे मी कधी कान दिला नाही. घरात एवढं स्वच्छ वाचणारी बाई असून मी कोरडी राहिले, हे तेव्हा जाणवलंही नाही.

माझं ऑफिस परळला होतं, मिलच्या जागेवर उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतीत. माझे आजोबा त्याच मिलमध्ये साच्यावर कापड विणायला होते. चिमणी ठेवली होती शोभेला, तिच्या बुडाशी कॉफीचं दुकान. आई येईल त्याला सांगायची, ‘सासऱ्यांच्या मिलमध्ये माझी प्रज्ञा ऑफिसर हाय.’ मिल बंद होऊन जमाना झाला, आणि मी ऑफिसर नव्हते, इन्शुरन्सच्या क्लेम्सचं एक डिपार्टमेंट सांभाळत होते. पण हे वाक्य चाळीत इतकं रुळलं होतं की कुणाच्या पोराचा रिझल्ट लागला की त्याला माझ्या पाया पडायला पाठवायचे. मी पाय मागे घ्यायची. मनातून बरं वाटायचं, ते कशाला नाकारू?

आणि मग मला चालावंसं वाटायला लागलं. एवढंच झालं, याहून मोठं कारण माझ्याकडे नाही. ऑफिसातल्या एका मुलाने सह्याद्रीच्या ट्रेलचा नकाशा दाखवला. नाशिककडच्या डोंगरात सुरुवात करायची आणि घाटमाथ्याच्या कडेकडेने चालत पार आंबोलीला पोचायचं. ती फोनवरची निळी रेघ मी त्याच्याकडून लगेच माझ्या फोनवर मागवून घेतली. दिवसभर मी लोकांचे अपघात आणि ऑपरेशनं मंजूर-नामंजूर करत बसायची, आणि जेवायच्या सुट्टीत त्या रेघेवर बोट फिरवायची. शेवटी राजीनामा दिला. ऑफिसला याचं कोण कौतुक! त्यांच्याकडे त्याला शब्द होते. ब्रेक. सेल्फ डिस्कव्हरी. केक कापला, ‘यू आर सो ब्रेव्ह’ म्हणत मिठ्या मारल्या. खाली उतरले तेव्हा मी खरोखरच शूर असल्यासारखी चालत होते.

घरी आले. आई भाजी निवडत होती. तिला सांगितलं.

‘कुठं जायचंय?’

‘चालायला.’

‘ते कळलं. चालत कुठं?’

‘अगं, चालत चालत. डोंगरातून. पार खालपर्यंत.’

‘आणि नोकरी?’

‘सोडली.’

आईने मेथीची जुडी खाली ठेवली. ‘काढलं का तुला? खरं सांग.’

‘नाही गं. मीच सोडली. मला चालायचंय.’

तिने मांडीवरची मेथीची पानं झटकली. मग म्हणाली, ‘मी चालले तेवढं पुरं नाय झालं का आपल्या घराला?’

वरळी ते परळ, हॉस्पिटलच्या ड्युटीला जाऊन येऊन, ती वर्षानुवर्षं पायी गेली होती. पावसात चप्पल पिशवीत घालून. तिच्या टाचा मी बघितलेल्या आहेत. आमच्याकडे चालणं ही नाइलाजाची गोष्ट होती आणि त्यातून सुटावं म्हणून मला शिकवलं होतं. हे मला त्या दिवशी समजायला हवं होतं. समजलं नाही. मी तिला फोनवर हिरव्यागार डोंगरांचे फोटो दाखवले.

फोटो हिरवे होते म्हणून निघालेही आषाढातच. अनुभवी लोकांनी सांगितलं होतं, पाऊस ओसरू दे, मग जा. पण नोकरी सोडून घरात बसणं माझ्याच्याने होईना. सकाळी नळावर गेलं की प्रत्येकजण विचारणार, ‘आज सुट्टी?’ आई आतूनच उत्तर द्यायची, ‘घरून काम हाय तिचं.’ तिसऱ्या-चौथ्यांदा हे ऐकलं आणि मी सॅक भरली.

त्या चालण्याबद्दल सुंदर लिहिता येईल. सकाळी ढगात हरवलेलं पठार, कातळावरून पसरत जाणारं पाणी, सगळं होतं. पण मी ते लिहायला बसले की हात थांबतो, कारण मला पहिल्यांदा आठवतं ते भाताचं रोप.

निळी रेघ एका शेतातून जात होती. मी फोनकडे बघत चालत होते आणि पायाखाली मऊ लागलं म्हणून बरंही वाटलं, दिवसभर दगड तुडवले होते. बरंच आत गेल्यावर मान वर केली, तर समोर एक बाई इरलं डोक्यावर घेऊन उभी. माझ्या मागे, माझ्या बुटांच्या मापाची, चिखलाची एक सरळ वाट. दोन्ही बाजूंना पोपटी रोप, मधे मी झोपवलेलं.

‘ताई, बांधावर या,’ ती म्हणाली. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

मी बांधावर आले. सॉरी म्हटलं. मग ‘चुकून झालं’ म्हटलं. तिने वाकून दोन-चार रोपं हाताने सरळ केली, ती पुन्हा आडवी झाली.

‘कुठं निघालात?’

‘अशीच. चालत.’

‘देवाला?’

‘नाही.’

‘मग कुणाकडं?’

‘कुणाकडं नाही.’

ती थोडा वेळ थांबली, मला आणखी काही सांगायचं असेल तर. केक कापताना वापरलेला एकही शब्द त्या बांधावर उपयोगाचा नव्हता.

आणखी एक गोष्ट आहे. रात्री कुठल्यातरी गावात कुणाच्या पडवीत मुक्काम असायचा. माणसं जीव लावायची, भाकरी द्यायची. आणि जेवताना सहज विचारायची, ‘आडनाव काय म्हणलात?’ मी हसून ‘प्रज्ञा’ म्हणायची. ‘प्रज्ञा म्हणा नुसतं.’ ऑफिसच्या दारावर जे आडनाव मी मोठ्या अक्षरांत लावून घेतलं होतं, ते मी प्रत्येक पडवीत भाकरीबरोबर गिळलं. त्यांनी काही केलं असतं असं नाही. कदाचित आणखी एक भाकरी वाढली असती. मी सांगूनच बघितलं नाही.

अर्धी वाटही झाली नाही. पायांना चिखल्या झाल्या, बोटांच्या बेचक्यांतली कातडी सोलून निघाली, बूट घालवेना. पडव्यांतल्या घोंगड्यांत झोपून डोक्यात उवा झालेल्या. एका तालुक्याच्या गावी न्हाव्याकडून केस अगदी बारीक कापून घेतले. आणि श्रावण संपता संपता एसटीत बसून मुंबईला परत आले. दादरला उतरले तेव्हा लंगडत होते.

चाळीच्या तोंडाशी शेवंतामावशी भेटली. आमच्याच मजल्यावरची, आईची सगळ्यात जुनी मैत्रीण. तिने माझे पाय बघितले, डोकं बघितलं, आणि दोन्ही हात जोडले.

‘जयभीम, प्रज्ञाताई. झाली का चारिका?’

जन्मापासून मला ‘प्रज्ञे’ म्हणणारी बाई. मी काही न कळून वर बघितलं. गॅलरीत आई उभी होती. कठडा धरून, जराही न हलता माझ्याकडे बघत होती. मी हात जोडले. ‘झाली, मावशी.’

भिक्खू गावोगाव पायी फिरतात, धम्म सांगत फिरतात, त्याला चारिका म्हणतात. मी निघून गेल्यावर चार दिवसांत विहारात विचारणा सुरू झाली होती, प्रज्ञा दिसत नाही ती? काय सांगणार आई? चांगली नोकरी सोडून डोंगर हिंडायला गेली? लोक म्हणाले असते, हिला काढलं असणार. नाहीतर म्हणाले असते, कुणाबरोबर तरी गेली. ऑफिसात माझ्या जाण्याला डझनभर शब्द होते, चाळीत एकही नव्हता. आईने तिला ठाऊक असलेल्या शब्दांतला त्यातल्या त्यात चालण्याजवळचा शब्द उचलला आणि सांगून टाकलं, ‘चारिकेला गेलीय. धम्माच्या कामाला.’

घरात आल्यावर गरम पाण्यात माझे पाय सोडत तिने हे मला सांगितलं. वर बघितलं नाही. ‘मी बोलून बसले. आता तू सांभाळ.’

मी सांभाळलं. वर्षावासाचे उरलेले दिवस मी आईबरोबर विहारात गेले, पांढरी साडी नेसून, भादरलेलं डोकं घेऊन. मला पुढच्या रांगेत बसवलं. मेणबत्ती लावायला माझं नाव पुकारलं. माझ्याहून दुप्पट वयाच्या बाया मला ‘या ताई’ म्हणत सतरंजीवर जागा करून द्यायच्या. एकदा एका नवीन सुनेने विचारलं, ‘ताई, कुठल्या कुठल्या गावात गेला होतात? काय काय सांगितलंत लोकांना?’ मी सतरंजीची दशी ओढत बसले. तेवढ्यात शेवंतामावशी म्हणाली, ‘अगं, थकून आलीय ती, बसू दे की जरा. चल, खिरीचं दूध कुणाकडनं घ्यायचं ते बघू.’ मला वाटलं, केवढा आदर ठेवतात या माझा. रात्री झोप यायची नाही. खरं सांगावं तर आई त्या सतरंजीवर पुन्हा कशी बसणार? न सांगावं तर मी कशी बसणार? मी बसले. आईने बसायचं की मी खरं व्हायचं, यात मी आई निवडली, असं स्वतःला सांगत राहिले. त्यात माझी भित्री सोयही होती, हे मला माहीत होतं.

पुढे मी दुसरीकडे नोकरी धरली. आईचं वाक्य बदललं. ‘सासऱ्यांच्या मिलमध्ये’ गेलं, नुसतं ‘ऑफिसात’ राहिलं. ट्रेल अर्धाच राहिला. चाळी पडल्या, आम्ही टॉवरात आलो. शेवंतामावशी आमच्या वर तीन मजले. विहारातल्या बाया आता सोसायटीच्या हॉलमध्ये जमतात. तिथं एसीचा गारवा असतो आणि चपला बाहेर रॅकवर ठेवायला लागतात. सगळं बदललं तरी चारिकेचं कुणी विसरत नाही. वरच्या मजल्यावर कुणी नवीन राहायला आलं की ओळख करून देतात, ‘ही प्रज्ञाताई. हिने चारिका केली होती.’ मी हसते. तो हसू आणायचा स्नायू आता आपोआप काम करतो.

यंदा आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी महिनाभर वाचायला मनाई केली. तिची पाळी आली तेव्हा तिने मला सांगितलं, ‘माझ्या जागी तू वाच. सावकाश वाच. पूर्णविरामाला थांब.’

मी वाचायला बसले. आई समोर काळा चष्मा लावून, शेजारी शेवंतामावशी. चांगलं चाललं होतं. पान उलटलं आणि वर्षावास कसा सुरू झाला तो भाग आला. आधी भिक्खू बाराही महिने फिरत असत. पावसातही. मग लोकांनी तक्रार केली की हे पावसाळ्यात चालतात आणि यांच्या पायांखाली कोवळं गवत, कोवळी पिकं तुडवली जातात, बारीकसारीक जीव मरतात. म्हणून मग नियम झाला. पावसाचे तीन महिने कुणी चारिकेला जायचं नाही. एका जागी राहायचं.

मी वाचता वाचता अडले. पहिल्यांदा मला बांध दिसला, इरलं घेतलेली बाई दिसली. ‘कुणाकडं?’ असं विचारणारा तिचा चेहरा. घसा खाकरून मी पुढचं वाक्य घेतलं आणि मग दुसरी गोष्ट ध्यानात आली, आणि मी पुन्हा अडले. या वेळी बराच वेळ. कुणीतरी पाण्याची बाटली पुढे केली. मी पाणी प्याले, उरलेलं पान कसंबसं वाचून संपवलं.

सगळ्या उठल्यावर शेवंतामावशी चपलांच्या रॅकपाशी माझ्याजवळ आली. आई अजून आत कुणाशी बोलत होती.

‘अडखळलीस ती?’

‘मावशी,’ मी म्हटलं, ‘आषाढात कुणी चारिकेला जात नाही.’

‘नाय जात.’

‘म्हणजे तुम्हाला...’

‘तुझी आई बोलली त्याच दिवशी कळलं. आम्हा सगळ्यांना. दरसाल ऐकतो की गं आम्ही.’ तिने एक चप्पल पायात सरकवली. ‘तिला सुचलं ते बोलली बिचारी. आणि नेमकी दुसऱ्या दिवशी वाचायची पाळी तिचीच. हेच पान आलं.’

मी हातातली चप्पल परत रॅकवर ठेवली.

‘वाचलंन तिने,’ मावशी म्हणाली. ‘पूर्ण वाचलंन. अडखळली नाय की काय नाय. आम्ही खाली माना घालून ऐकलं. घरी जाताना मी सगळ्यांना सांगितलं, पोर आली की कुणी काय इचारायचं नाय. चारिकाच म्हणायचं.’

‘पण का, मावशी?’

‘का म्हणजे? उद्या तिला यायचं असतं ना बसायला.’

आई बाहेर आली. मावशीने वरच्या मजल्याची लिफ्ट पकडली, आम्ही दुसरीत शिरलो. दार लागलं. आरशात आम्ही दोघी पांढऱ्या साड्यांत. आईने काळा चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा पुसला.

‘काय म्हणत होती शेवंता?’

‘काही नाही. वाचन बरं झालं म्हणाली.’

‘कसलं बरं? त्या पानावर थांबलीस तू.’ आई माझ्याकडे न बघता, लिफ्टच्या दाराकडे बघत हळूच म्हणाली, ‘तिथं थांबायचं नसतं, प्रज्ञा. सरळ वाचत जायचं. थांबलं की लोकांना कळतं.’

मी ‘बरं’ म्हटलं.